नारूचं भित्तिपत्रक

उलटेमास्तर आयुष्यात जितके पुढे चालले असतील तितकेच मागेही चालले असतील. मोठ्या अक्षरांतला कुठलाही कागद छापायला आला, मग तो तमाशाच्या फडाचा असो की गुरांच्या बाजाराचा, त्याचं पहिलं प्रूफ ते छापखान्यासमोरच्या तेलघाण्याच्या भिंतीला चिकटवत आणि नजर कागदावरच ठेवून एकेक पाऊल मागे घेऊ लागत. बरोबर वीस पावलं. नगरच्या कापडबाजारामागचा तो अरुंद बोळ. टांगे, हातगाड्या, पाण्याची गाढवं, आणि त्यांतून हा पन्नाशीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस एक डोळा मिटून उलटा चाललेला. बोळातले लोक सवयीनं ओरडत, "मास्तर, गाढव!" मास्तर मान न वळवता थांबत, गाढव मागून जाऊ देत आणि उरलेली पावलं पुरी करत. एकदा ते छावणीतल्या एका गोऱ्या सोल्जरावर जाऊन आदळले. त्यानं शिवी हासडली. मास्तरांनी त्याचा दंड धरून त्याला भिंतीकडे वळवलं आणि विचारलं, "सायेब, तिथं काय दिसतंय?" सोल्जराला मराठी येत नव्हतं, पण त्यानं बोटानं बैल दाखवला. मास्तर खूष होऊन आत आले. "गोऱ्याला पन बैल दिसला. छापा," म्हणाले.

त्यांचं खरं नाव याकोब. छापखान्यात ते जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि त्यांच्या ओळी रचायच्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते उलटंच वाचायची सवय लागते. त्यावरून म्हणा किंवा त्यांच्या चालण्यावरून म्हणा, सगळा बोळ त्यांना उलटेमास्तर म्हणे. दिवसभर शुद्ध पुस्तकी मराठी जुळवायचे आणि तोंड उघडलं की पाथर्डीकडचं गावरान बोलायचे. मिशनच्या शाळेत शिकलेले, रविवारी स्वच्छ धोतर नेसून उपासनेला जाणारे. पण तिथंही स्वस्थ बसत नसत. फळ्यावर लिहिलेले गीतांचे आकडे मागच्या बाकावरून दिसत नाहीत म्हणून त्यांचं पाळकसाहेबांशी कायम भांडण. "मागं बसनाऱ्याला देव नको व्हय?" हा त्यांचा सवाल.

मी त्या वेळी जिल्ह्यातल्या एका कचेरीत आरोग्याच्या टेबलावर कारकून होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. ती तशी वाईट नव्हती. सगळ्या कचेऱ्या असतात तशीच होती, आणि तेच तिचं वाईट होतं. माझं अक्षर चांगलं, भाषा त्याहून चांगली, अशी माझी समजूत होती, आणि साहेबांचीही होती. त्यामुळे लढाईच्या दिवसांत एका उन्हाळ्याच्या तोंडी नारूबद्दल भित्तिपत्रक काढायचं ठरलं, तेव्हा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आजच्या वाचकांनी नारू पाहिलेला नसेल, तेव्हा दोन शब्द सांगायला हवेत. पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत, लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभे राहत आणि घागर भरत. एखाद्याच्या पायाला नारूचा फोड असला की त्यातून रोगाचं बी पाण्यात पडे. ते पाणी पिणाऱ्याला त्या दिवशी काही होत नसे, त्या महिन्यातही नाही. वर्षभरानं त्याच्या पायावर फोड उठे आणि त्यातून सुतासारखा पांढरा, लांबलचक किडा तोंड बाहेर काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. ओढताना तुटला तर पाय पिके, आणि कित्येकांचा कायमचा आखडे. फोडाची आग अशी की पाय कधी एकदा गार पाण्यात बुडवतो असं माणसाला होई. तेवढंच करू नका, हे लोकांना सांगायचं होतं.

मी अकरा कलमं लिहिली. त्यांत रोगाचा उद्भव होता, प्रसार होता, प्रतिबंध होता. 'जलाशय' हा शब्द चार वेळा होता. सभोवती वेलबुट्टीची चौकट घालावी अशी सूचनाही मी समासात केली होती. मास्तरांनी ते निमूटपणे जुळवलं, प्रूफ काढलं, भिंतीला लावलं आणि मला दंडाला धरून वीस पावलं मागे नेलं.

"काय दिसतं, भाऊसाहेब?"

"नारू रोगाचे उद्भव, प्रसार व प्रतिबंध यांसंबंधी—"

"ते तुमी लिवलंय म्हनून तुमाला दिसतंय. मला तर चटई दिसतीया. काठाला बुट्टी असलेली."

मला राग आला. मी म्हटलं, "मास्तर, जवळ गेलं की वाचता येईल की."

"जवळ कशाला जाईल कुनी? भिंतीवरचा कागद वाचायला कुनी घरनं निघत न्हाई. मानूस दुसऱ्याच कामाला निघालेला असतोय. त्याला थांबवायचा तर आदी आपन कमी बोलाय पायजे." मग खाली बसून त्यांनी बिडी पेटवली आणि मला पुढे कित्येक वर्षं पुरलेला प्रश्न विचारला. "ह्या अकरातलं एकच ठेवायचं झालं, तर कंचं ठेवाल?"

मला सांगता येईना. रात्रंदिवस मी त्या अकरा कलमांशी झगडत होतो, आणि प्रत्येक कलम मला दुसऱ्याइतकंच आवश्यक वाटत होतं. दहा कलमं खोडणं म्हणजे माझी दहा बोटं कापणं. चार दिवसांनी मी एक वाक्य घेऊन छापखान्यात गेलो: नारू झालेल्यानं बारवेत पाय घालू नये. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "झ्याक," म्हणाले. "आता ज्यांना वाचता येत न्हाई, त्यांचं काय करायचं?"

ते नारूच्या मागे इतके का लागले आहेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांची थोरली बहीण राहेल पाथर्डीच्या अंगाला एका गावात राहत होती. गावाबाहेर ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीची बारव वेगळी. ती वेगळी का, हे त्या काळच्या माणसाला विचारायला लागत नसे. राहेलआक्काला तीनदा नारू झाला होता आणि तिसऱ्या खेपेला तो तुटून तिचा डावा पाय घोट्यात वाकडा झाला होता. तिला एकच लेक, रूथ. नगरला मुलींच्या शाळेत सातवी झालेली, हुशार, आणि दवाखान्यात नर्स व्हायला जायचं म्हणून हटून बसलेली. सुट्टीत ती आईकडे जाई. "दोन महिने ती त्या बारवंचं पानी पिती, भाऊसाहेब. मी हितं खिळं जुळवत बसतोय." हे बोलताना त्यांच्या आवाजात काही नाटक नव्हतं. ते खरोखरच घाबरलेले होते.

चित्र त्यांनी स्वतः कोरलं, सागाच्या फळीवर. छापखान्याचं काम आटोपलं की ओसरीवर बसून कोरत. पहिल्या प्रूफात नुसता पाय होता: घोट्यावर फोड, त्यातून निघालेला दोरा, दोऱ्याला गुंडाळलेली काडी. पाय पायरीवर थांबलेला, आणि खाली कागद कोरा. "पाणी कुठं आहे?" मी विचारलं. "कोरं सोडलंय तेच पानी," मास्तर ऐटीत म्हणाले. कोरी जागा त्यांना फार प्रिय. ते प्रूफ घेऊन ते रविवारी उपासना चुकवून मोटारीनं गावाला गेले आणि संध्याकाळी परतले ते हसतच. वस्तीतल्या बायकांनी कागद पाहून विचारलं होतं, "मास्तर, बारव आटली व्हय हो?" आणि एका म्हातारीनं पायाकडे बघून तोंडाला पदर लावला होता. बिचाऱ्याचा पाय कुणी तोडला, म्हणून.

स्वतःचं चुकलं की माणसं खट्टू होतात. मास्तर खूष होत. छापायच्या आधी कळलं, म्हणून. त्यांनी फळी परत कोरली. पायाच्या वर लुगड्याचा काठ आला, म्हणजे पायाला माणूस मिळालं. बोटात जोडवी आली. पायरीखाली तीन लाटा आणि त्यांवर तरंगणारी घागर आली. दुसऱ्यांदा जाऊन आले तेव्हा म्हणाले, "आता समद्यास्नी कळतंय. पन दिसत न्हाई." कळतं आणि दिसत नाही, हे मला समजलं नाही. तेव्हा त्यांनी छापखान्यातली पाण्याची घागर माझ्या डोक्यावर ठेवली, माझ्याच धोतराचा सोगा माझ्या डोक्यावरून पुढे ओढला आणि मला छापखान्याच्या पायऱ्या उतरायला लावल्या. सगळा बोळ हसत होता. मी पायांकडे बघत, एकेक पायरी चाचपत उतरलो. वर भिंतीवर काय आहे ते मला दिसलंच नाही. "बायामानसं जिथं बघत्यात तिथं कागद पायजे," मास्तर म्हणाले. "आपन समदे मामलेदाराच्या उंचीला कागद लावतो."

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. बारवेच्या उतरणीला, गुडघ्याहून थोडं वर, पायरीच्या कडेच्या दगडावर त्यांनी ते प्रूफ लावलं. खळ स्वतः शिजवून डब्यात आणली होती. मग आम्ही दोघं वीस पावलांवर निंबाच्या बुंध्याशी जाऊन बसलो. बायका येत होत्या, वाकून बघत होत्या, जात होत्या. ऊन चढल्यावर एक बाई आली. घोट्याला चिंधी बांधलेली, लंगडत. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. कागदाकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे, मग पुन्हा कागदाकडे. तशीच मागे फिरली आणि खाली पाण्यात उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली, "ए बाय, माझी बी घागर भरून दे गं वर. मला न्हाई यायचं खाली."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "लागलं," एवढंच म्हणाले. राहेलआक्का काठी टेकत आली होती, तिनं तो कागद पाहिला आणि भावाला म्हणाली, "याकोब, हा तर माझाच पाय हाय की रं." करंगळी वाकडी होती त्या चित्रातली. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. आम्ही ते प्रूफ तिथंच राहू दिलं. खळ चांगली होती, कागद जाड होता. वर्षभर टिकंल, मास्तर म्हणाले. येताना मोटारीत मी स्वतःला मोठा समाजसेवक समजत होतो, हे आता लिहायला लाज वाटते.

मग ते पत्रक कचेरीत आलं. साहेबांना आवडलं. ते म्हणाले, "छान आहे. पण हे काढलं कुणी, ते कुठं आहे?" म्हणून खाली कचेरीचं नाव आलं. कचेरीचं आलं तेव्हा अध्यक्षांचं आलं, अध्यक्षांचं आल्यावर उपाध्यक्षांचं टाळता येईना, आणि दोघांच्या अक्षरांत फरक किती असावा यावर आठ दिवस गेले. मग कुणीतरी म्हणालं की एवढा खर्च करून एकच वाक्य छापलं तर लोक हसतील. माझी अकरा कलमं कपाटातून परत निघाली. कागदाची तेव्हा टंचाई, म्हणून पत्रकाचा आकार निम्मा झाला. प्रत्येक गोष्टीला जागा हवी होती आणि प्रत्येक वेळी जागा पायाकडून घेतली गेली. शेवटी राहेलआक्काचा पाय काड्यापेटीएवढा उरला, उजव्या कोपऱ्यात, उपाध्यक्षांच्या नावाच्या वर.

मी काय केलं? मी नावांचा क्रम तपासला. एका नावामागे 'रावसाहेब' राहिलं होतं, ते घातलं. मला तेव्हा एकदाही वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण साहेबांपुढे उभं राहून 'हे चूक आहे' म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. मी बढतीच्या यादीत होतो.

मास्तरांनी ते सगळं जुळवलं. वाद घातला नाही. भिंतीला मात्र प्रूफ लावलं नाही, मागे चालणं तर दूरच. त्या पत्रकाबरोबर गावोगाव पाठवायचं परिपत्रकही त्याच छापखान्यात छापायचं होतं, आणि त्याचा मसुदा माझाच. प्रस्तुत पत्रक गावचावडीत दर्शनी भागी, मुलांचे हात पोचणार नाहीत अशा उंचीवर लावावे, वगैरे. त्याचं प्रूफ द्यायला मास्तर स्वतः कचेरीत आले. त्यांना कचेरीत यायला आवडत नसे. माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी शेवटच्या ओळीवर शाईनं काळं झालेलं बोट ठेवलं.

"ही ओळ कशापायी, भाऊसाहेब?"

ती ओळ अशी होती: या विषयासंबंधी यापूर्वी लावण्यात आलेली पत्रके काढून टाकण्यात यावीत.

"ती नेहमीचीच आहे, मास्तर," मी मान वर न करता म्हणालो. "प्रत्येक परिपत्रकात असते. जाऊ द्या."

आणि ती खरंच नेहमीची होती. माझ्या आधीच्या कारकुनानं लिहिली होती, त्याच्या आधीच्यानं लिहिली होती. पत्राच्या शेवटी सही यावी तशी ती माझ्या हातून येई. नारूबद्दल यापूर्वी जिल्ह्यात कुणी पत्रकच लावलं नव्हतं, एक सोडून. ते एक मी विसरलो होतो. मास्तर "बरं," म्हणाले आणि गेले. आमच्या परिपत्रकांना गावात कोण विचारतो, असं त्यांनाही वाटलं असेल. मलाही तसंच वाटत असे.

दुसरा उन्हाळा आला. नव्या पत्रकाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, कारण सगळीकडून 'लावले आहे' असे जबाब आले होते आणि ते फाईलला लागले होते. एके दिवशी दुपारी मास्तर पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"रूथला नारू झाला," ते म्हणाले. "गुडघ्याच्या मागं. वैदूनं ओढताना तुटला."

मी काहीतरी म्हणालो. असं कसं झालं, तिथं तर आपण पत्रक लावलं होतं.

"ते न्हाई ऱ्हायलं. लगेच काढलं हुतं. आक्का मला बोलली न्हाई, मला वाईट वाटंल म्हनून. तलाठी आला हुता तुमचं परिपत्रक घेऊन. यापूर्वीची पत्रकं काढा म्हनून वाचून दावलं म्हनं समद्यास्नी. खळ घट्ट हुती, निघंना. तर पानी मारून खुरप्यानं खरवडलं. लई इमानदारीनं काढलं. नवं चावडीत लावलंय. आमच्या बाया चावडीची पायरी चढत्यात व्हय, भाऊसाहेब?"

आमच्या कचेरीचा एकही हुकूम इतक्या तत्परतेनं कुणी पाळल्याचं मला आठवत नाही. विहिरी उपसा म्हणून लिहिलं, कुणी उपसल्या नाहीत. पायऱ्या बंद करून रहाट बसवा म्हणून तीन वेळा लिहिलं, एकही रहाट बसला नाही. त्या सगळ्या ढिगातून एका तलाठ्यानं माझी एक ओळ उचलली, जिला काही अर्थच नव्हता, आणि ती अक्षरशः पाळली. त्या पहिल्याच उन्हाळ्यात दुखरे पाय पुन्हा पाण्यात उतरले. रूथ सुट्टीला आली होती, तेच पाणी प्यायली. बरोबर वर्षानं, दवाखान्यातून बोलावणं आलं त्याच महिन्यात, तिच्या गुडघ्यामागे फोड आला.

मी म्हणालो, "मास्तर, ती ओळ..." पुढे शब्द सुचेना. भाषेचा अभिमान होता ना मला.

"नेहमीची ओळ हुती ती," मास्तर म्हणाले. "मीच जुळवलेली." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि जिन्याकडे गेले. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. ते ओरडले असते तर मी चार दिवसांत स्वतःला माफ करून टाकलं असतं.

रूथचा गुडघा वाकेनासा झाला. दवाखान्यातल्या बाईंनी तिला जवळ बसवून समजावलं की नर्सला बारा बारा तास उभं राहावं लागतं, खाटांशी वाकावं लागतं. ती गावी परतली. मास्तर कामावर येत राहिले, पण त्यांनी उलटं चालणं सोडलं. तमाशाचा कागद येवो, बाजाराचा येवो, मालकानं दिला तसा जुळवायचा. बोळातले लोक त्यांना चिडवायला म्हणत, "मास्तर, गाढव!" ते सरळ चालता चालता थांबत आणि खरंच मागे वळून बघत. मी छापखान्यात जाणं टाळू लागलो. छपाईचं काम शिपायाकडून पाठवायचो. मग एके दिवशी शिपायानं येऊन सांगितलं, की याकोबमास्तर नोकरी सोडून बहिणीच्या गावी गेले. जाताना मला भेटले नाहीत. माझ्यासाठी काही निरोप ठेवलाय का, म्हणून विचारलं. नव्हता.

स्वराज्य आलं, कचेरीवरचा झेंडा बदलला, परिपत्रकांच्या मथळ्यावरचं चित्र बदललं. शेवटची ओळ मी माझ्या टेबलापुरती बंद केली. नव्या साहेबांनी विचारलं तेव्हा ती अनावश्यक आहे एवढंच सांगितलं. आणखी दोन वर्षांनी फिरतीवर असताना त्या गावावरून मोटार गेली. मी उतरलो. उतरायचं असं ठरवलं नव्हतं.

निंबाचं झाड होतं. बारवेच्या चौथ्या पायरीवर एक तरुण बाई एक पाय लांब करून बसली होती. तिच्या बाजूला दोर आणि पोहरा होता. जी बाई येईल तिची घागर ती वरच्या वर भरून देत होती आणि कुणालाही खाली उतरू देत नव्हती. मी दोन पायऱ्या उतरलो तशी तीच म्हणाली, "पावनं, थांबा तिथंच. पाय दावा आदी."

मी पाय बघितले, आणि पायांशी ते चित्र दिसलं. पायरीच्या दगडावरच रंगवलेलं, तांबड्या आणि पांढऱ्या रंगात, हातभर मोठं. लुगड्याचा काठ, जोडवी, काडीला गुंडाळलेला दोरा, तीन लाटा, घागर. वाकडी करंगळी. अक्षर एकही नव्हतं. माझं ते एक वाक्यसुद्धा नाही. त्याखालच्या पायरीवर पुन्हा तेच, त्याच्याखाली पुन्हा तेच, पाण्यापर्यंत.

"याकोबमास्तर?" मी विचारलं.

"मामा गेले थंडीत," रूथ म्हणाली. "दर दिवाळीला रंग देत हुते. आता मी देती. मामा म्हनायचे, कागद कुनीबी काढून टाकतंय. दगूड कोन काढंल?" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी कचेरीतले भाऊसाहेब का? मामा लई नाव काढायचे तुमचं. पहिला कागद तुमीच आनला हुता म्हनून."

"आणि तो काढून टाकला कुणी," मी विचारलं, "ते सांगायचे का मामा?"

"कचेरीनं काढला," ती म्हणाली. "मी इचारायची, कचेरीनं म्हंजी कुनी? तर मामा म्हनायचे, कचेरी म्हंजी काय एक मानूस असतो व्हय गं?"

त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या त्या लांब केलेल्या पायाकडे बघत मी तोंड उघडलं, आणि मीही सांगितलं नाही. तिनं पोहऱ्यातलं पाणी दुहेरी फडक्यातून तांब्यात गाळलं आणि मला दिलं. ते मी उभ्या उभ्या प्यालो, तांब्या परत दिला आणि मोटारीच्या रस्त्याला लागलो. निंबापर्यंत वीस पावलं भरतात, हे मला ठाऊक होतं. तिथं मागे वळून बघायचं मला धैर्य झालं नाही.